पंपिंग ४० आहे, व्यायामाने फायदा होईल का?

बाबांना आमच्याकडे हृदयरुग्णांच्या व्यायामाला आणावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ॲन्जिओप्लास्टी होऊन महिना झालेला असतो, मुलगा फाइल उघडतो आणि म्हणतो, "मॅडम, पंपिंग ४० आहे. बाबांना व्यायामाने फायदा होईल का ते आधी सांगा, डोंबिवलीहून आणायचंय."

पंपिंग म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. त्यावरून नाही हो सांगता येत. तो ज्या टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मिळतो तो एको झोपवून काढतात. त्या आकड्याचा आणि माणूस किती चालेल याचा मेळ फारसा बसत नाही. पूर्वी मीही एकोवरूनच अंदाज बांधायचे. मग वाटलं, पहिल्या दिवशी जो कमी चालतो तोच जास्त सुधारतो. बहुधा खरं आहे ते. पण त्या दिवशी झोप झालेली नसली, माणूस धास्तावलेला असला, तर पुढच्या खेपेला तो तसाही जास्त चालतो. त्याचं श्रेय व्यायामाला कसं द्यायचं?

लालबागच्या चाळीतले एक काका, घर तिसऱ्या मजल्यावर. सहा मिनिटांत किती चालतात ते मोजायच्या चाचणीत आधी ३१० मीटर, बारा आठवडे व्यायाम केल्यावर ३१२. 'फरक नाही' असा शेरा पडला. शेरा माझाच. मुलाने आणणं बंद केलं. नंतर नोंदी काढून बघितल्या. या चाचणीत दोन शंकूंमधल्या सरळ पट्ट्यावर ये-जा करायची असते. पहिली चाचणी ३० मीटरच्या पट्ट्यावर झालेली. दुसऱ्या वेळी व्हरांड्यात स्ट्रेचर लावलेलं, म्हणून शंकू आत सरकवले आणि पट्टा झाला २० मीटरचा. म्हणजे आधी १० वळणं, नंतर १५. प्रत्येक वळणाला वेग कमी करायचा, वळायचं, पुन्हा वेग उचलायचा. त्यात पायात रबरी स्लिपर. फोन केला तर काकू म्हणाल्या, "आधी दर मजल्यावर टेकायचे, आता दळण घेऊन एका दमात वर येतात." जिन्याचं आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तरी सगळं खापर पट्ट्यावर फोडत नाही. काहींची क्षमता खरंच वाढत नाही. हेरिटेज अभ्यासात तर निरोगी माणसांनी २० आठवडे सारखाच व्यायाम केला. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता भरपूर वाढली, काहींची जवळजवळ जागची हलली नाही. हजेरीवरून सांगावं, तर नेमाने येणारा बहुतेकदा गोळ्याही नेमाने घेतो, घरात त्याच्यामागे कुणीतरी असतं. शिवाय फायदा म्हणजे नुसते मीटर नव्हेत. पुन्हा ॲटॅक येणं, ॲडमिट व्हावं लागणं कमी होतं, पण ते शेकडो रुग्ण एकत्र मोजल्यावर दिसतं. तुमच्या बाबांचा न आलेला ॲटॅक मी कशी दाखवू?

तेव्हा आणा. पहिल्या आठवड्यात चाचणी दोनदा घेऊ, कारण दुसऱ्यांदा माणूस सरावानेच जास्त चालतो. दुसरा आकडा धरायचा. बूट तेच, पट्टा तोच, सकाळच्या गोळीनंतरची वेळ तीच. मेटोप्रोलॉल ही ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असताना जास्तीत जास्त ठोक्यांचं '२२० उणे वय' हे गणित विसरा. किती दमल्यासारखं वाटतं ते माणसाने स्वतःच सांगायच्या ६ ते २० च्या बोर्ग पट्टीवर ११ ते १३ वाटेल एवढाच जोर. आणि येताना घरच्या जिन्यात बाबा कितव्या पायरीला थांबतात, ते मोजून आणा.