चौदा अंकी क्रमांक आणि कांडप यंत्र

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावात शेंगाचटणी घरोघरी होते, त्यामुळे ती विकत कोण घेणार, असा प्रश्न सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारला होता. घेणारे शहरात होते, कारण उखळात कुटल्यावर शेंगदाण्याला जे तेल सुटते ते मिक्सरमध्ये सुटत नाही आणि फ्लॅटमध्ये उखळ ठेवायला जागा नसते. दोन वर्षे मी ओळखीपाळखीत, साध्या पिशवीतून चटणी विकली. २०२२ मध्ये सोलापुरातील एका दुकानदाराने दरमहा ३० किलो घेण्याची तयारी दाखवली, मात्र पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा, अशी अट घातली.

तालुक्याच्या गावी एका एजंटाने या कामाचे तीन हजार रुपये सांगितले. मी ते देणारही होते, परंतु बचत गटाच्या बैठकीत सहज विषय काढला तेव्हा आमच्या सचिव ताईंनी हिशेबाची वही बाजूला ठेवून विचारले, "वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत आहे ना? मग परवाना नको, नुसती नोंदणी पुरते, आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये." शेजारच्या गटातील पापड करणाऱ्या एका बाईंनी हे सर्व आधी केले होते. त्यांच्या मुलीने फोटो, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा घेऊन ऑनलाइन अर्ज भरून दिला व पाच वर्षांचे पाचशे रुपये भरले. पाकिटावर निव्वळ वजन, घटक, बॅच क्रमांक, तारखा आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण लागते, हेही त्यांनीच सांगितले. खराब दाणे भाजण्याआधीच निवडा, एक खवट दाणा सगळी पाटी बिघडवतो, हा त्यांचा सल्ला कोणत्याही अर्जात नव्हता, पण उन्हाळ्यात माझा माल परत आला नाही तो त्याच्यामुळे.

हाताने कुटून ३० किलो निघेना, म्हणून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून भाजणी यंत्र व कांडप यंत्र घेण्याचे ठरवले. प्रकल्प २ लाख ४० हजारांचा होता. त्यात दहा टक्के, म्हणजे २४ हजार, माझे आणि उरलेले बँकेचे कर्ज. अनुदान ३५ टक्के, म्हणजे ८४ हजार. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षे हप्ते नीट भरले तरच कर्जात वळते होते. पहिल्यांदा हे ऐकून माझा हिरमोड झाला होता. अर्ज भरून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिचे मानधन सरकार देते, हे मात्र आधी कळले असते तर माझे दोन महिने वाचले असते.

बँकेने फाइल दोनदा परत केली. एकदा यंत्राच्या दरपत्रकावर जीएसटी क्रमांक नव्हता म्हणून, आणि दुसऱ्यांदा घर सासूबाईंच्या नावावर असल्याने त्यांचे संमतीपत्र हवे म्हणून. या धावपळीत सात महिने गेले आणि मध्येच दिवाळी आली. दुकानदाराची मागणी दुप्पट झाली, पण शेंगदाणे आणि मिरची रोखीने घ्यायला पैसे नव्हते. गटाने त्याच संध्याकाळी मला २० हजारांचे अंतर्गत कर्ज दिले, शेकडा एक रुपया महिना व्याजाने. कोणताही कागद मागितला नाही, कारण माझी चार वर्षांची बचत आणि परतफेड त्यांच्याच वहीत होती.

ग्रामसंघाच्या प्रशिक्षणात आम्हाला प्रेमा पुरव यांच्याविषयी सांगितले होते. गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना त्यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा मी ते परीक्षेपुरते ऐकतात तसे ऐकले होते. त्या दिवाळीत त्याचा अर्थ मला नीट समजला.

सगळे गोडीगुलाबीने झाले, असे मात्र नाही. यंत्र बसल्यावर गटातीलच एका ताईंनी शेंगाचटणी विकायला सुरुवात केली आणि आम्ही दोघी जवळपास महिनाभर एकमेकींशी बोललो नाही. अखेर बैठकीत ठरले की त्यांनी कारळ्याची आणि जवसाची चटणी करावी, माझ्याच दुकानदाराकडे ठेवावी आणि कांडप माझ्या यंत्रावर किलोमागे ठरलेल्या दराने करावे. आज गटातील चौघी ते यंत्र वापरतात व त्या पैशांतून माझा निम्मा हप्ता निघतो. काम संपल्यावर यंत्र कोणी पुसायचे, यावर अजूनही दर बैठकीत वाद होतो.