पाच मिलिग्रॅम पावडर आणि माझे सात महिने

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला मॅडम म्हणाल्या, "अगं तो जीडब्ल्यू ९५०८ मागवून टाक, जीपीआर ४० वर बघू काय होतंय ते." मला आधी ते कुठल्यातरी ट्रकचा नंबर वाटलं, खोटं कशाला बोलू. निघालं इन्सुलिन वाढवणारं एक केमिकल.

मागवणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट असतो हे कोणी आधी सांगत नाही. कोटेशन, इंडेंट (खरेदीचा मागणी अर्ज), सह्या, मग परत कोटेशन कारण आधीच्याची मुदत संपली, मग डीलर म्हणणार शिपमेंट कस्टमला अडकलंय. अडीच महिने गेले. शेवटी आला थर्माकोलचा भला मोठा खोका आणि त्यात करंगळीएवढी बाटली. पाच मिलिग्रॅम. उजेडात धरून पाहिली तर आत काहीच दिसेना, म्हटलं रिकामीच पाठवली की काय! सिनियरने हसत हसत सेंट्रीफ्युजमध्ये फिरवून दिली तेव्हा तळाशी बोटाला पावडर लागावी एवढंसं काहीतरी जमलं. झाकण आधी उघडलं असतं तर अर्धा माल झाकणालाच चिकटून गेला असता.

मग हिशोब. मॉलेक्युलर वेट ३४७.४, म्हणजे पाच मिलिग्रॅममध्ये १.४४ मिली डीएमएसओ (पावडर विरघळवायचं द्रव) टाकलं की १० मिलीमोलरचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण. हे मी तीनदा कागदावर केलं आणि चौथ्यांदा मॅडमना दाखवलं. डिसेंबर होता, एसी रूममधली डीएमएसओची बाटली काढली तर आतमध्ये चक्क बर्फ! मी घाबरून 'खराब झालंय' म्हणून फेकायला निघाले होते. डीएमएसओ साडेअठरा डिग्रीलाच गोठतं, पुण्याच्या थंडीत ते सकाळी सकाळी असंच बसलेलं असतं, जरा हातात धरलं की वितळतं.

आता हे आहे काय ते थोडक्यात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर जीपीआर ४० नावाचा रिसेप्टर असतो. तो नेमका कशाने चालू होतो हे बरीच वर्षं कोणाला माहीत नव्हतं, २००३ मध्ये जपानच्या ताकेदा कंपनीच्या लोकांनी दाखवलं की फॅटी ॲसिडने होतो. तेव्हापासून त्याचं दुसरं नाव फ्री फॅटी ॲसिड रिसेप्टर १. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे याच नावाने माझी लाज काढलीये.) जीडब्ल्यू ९५०८ हे फॅटी ॲसिडची नक्कल करणारं छोटं केमिकल, रिसेप्टरला जाऊन चिकटतं, पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं आणि इन्सुलिन जास्त बाहेर पडतं. पण गंमत अशी की ग्लुकोज वाढलेलं असेल तरच. ग्लुकोज कमी असेल तर ते गप्प बसतं.

हे मी घरी सांगायची चूक केली. मामाला शुगर आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे, आणि जेवायला उशीर झाला की घाम फुटून हातपाय कापतात, कारण ती गोळी शुगर किती आहे ते न बघता इन्सुलिन काढत राहते. मामा लगेच, "मग तुझं ते औषध बरं की गं, आण की थोडं!" मामा, बाटलीवर स्पष्ट लिहिलंय फक्त संशोधनासाठी, ते माणसासाठी नाहीच. आणि याच रिसेप्टरवरचं खरं औषध ताकेदानेच आणलं होतं, फॅसिग्लिफॅम, शुगर छान उतरवायचं, तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये लिव्हरला त्रास होतोय म्हणून त्यांनी स्वतःच बंद केलं. मामा यावर एवढंच म्हणाला की म्हणजे तुम्ही नुसते उंदरांचे डॉक्टर.

अगदीच चूक नाही म्हणा. आमच्या एमआयएन ६ पेशी, म्हणजे लॅबमध्ये वाढवतो त्या बीटा पेशी, उंदराच्याच. या बयांना खायला २५ मिलीमोलर ग्लुकोज लागतं, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत ४५० शुगर. प्रयोगात त्यांना आधी दोन तास २.८ वर, म्हणजे पन्नास शुगरवर उपाशी ठेवायचं, मग निम्म्यांना तेच आणि निम्म्यांना १६.७, म्हणजे तीनशे. त्यात कंपाउंड किंवा तुलनेसाठी नुसतं डीएमएसओ. एक तास. मग वरचं पाणी काढून त्यात इन्सुलिन किती ते एलायझाने, म्हणजे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने, मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण या पेशी पुंजके करून वाढतात आणि धुताना जरा जोरात पिपेट मारलं की पुंजकेच्या पुंजके निघून येतात, पहिल्या प्लेटला मी अर्ध्या पेशी अशाच वाहून घालवल्या.

दुसऱ्या वेळी पेशी टिकल्या, ग्लुकोजला इन्सुलिनही वाढलं, पण कंपाउंडचा फरक शून्य. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी मी ३ मायक्रोमोलरचं १० केलं, थंड बफरमध्ये (पेशी ज्यात ठेवतो ते क्षारांचं पाणी) स्टॉक टाकला तर पांढरट धागे दिसले, म्हणजे विरघळलंच नाही, ती प्लेट गेली. एलायझा किट केवढ्याचं येतं ते इथे लिहीत नाही, आई वाचते. पेशींचा पॅसेज जास्त झालाय का (म्हणजे पुन्हा पुन्हा वाढवून जुन्या झाल्यात का), मायकोप्लाझ्मा हा जंतू लागलाय का, स्टॉक मेलाय का, सगळं तपासून झालं. पोटॅशियम क्लोराइड रिसेप्टरशिवायच इन्सुलिन काढायला लावतं, ते टाकलं की इन्सुलिन धाडकन वाढायचं, म्हणजे पेशी ठणठणीत. मी मात्र नव्हते, मार्चमध्ये हॉस्टेलला दोनदा रडून झालं.

शेवटी एका संध्याकाळी मॅडम माझ्याबरोबर बफर बनवायला उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, मी काय काय उचलतेय ते बघत होत्या. बफरमध्ये घालायच्या बीएसएची (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन) बाटली उचलली तेव्हा म्हणाल्या, "लेबल वाच." वाचलं, फ्रॅक्शन फाइव्ह. "पुढे काय लिहिलंय?" पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे 'फॅटी ॲसिड फ्री' लिहिलेलं असायला हवं होतं. साध्या बीएसएला फॅटी ॲसिड आधीच चिकटून आलेली असतात, आणि मी फॅटी ॲसिडच्या रिसेप्टरचा प्रयोग त्यातच करत होते. वर जुन्या वहीतला प्रोटोकॉल जसाच्या तसा उतरवून ०.५ टक्के टाकत होते, अल्ब्युमिनचं कामच असल्या तेलकट रेणूंना धरून ठेवणं, त्याने माझं कंपाउंडही धरून ठेवलं असणार. पेशींपर्यंत पोचत किती असेल देव जाणे.

फॅटी ॲसिड फ्री मागवलं (परत इंडेंट!), ०.१ टक्क्यावर आणलं, बफर ३७ डिग्रीला गरम करून त्यात स्टॉक टाकला आणि लगेच व्हॉर्टेक्सवर घुसळला. एलायझाला शेवटी स्टॉप सोल्युशन टाकलं की निळ्याचं पिवळं होतं. कमी ग्लुकोजच्या ओळी फिक्या, कंपाउंड असो नसो. जास्त ग्लुकोजची डीएमएसओवाली ओळ हळदीच्या दुधासारखी, आणि शेजारची जीडब्ल्यू ९५०८ ची ओळ स्वच्छ गडद. प्लेट रीडरमध्ये घालायच्या आधीच फोटो काढून मॅडमना पाठवला. आकडा आला साधारण दीडपट. त्यांचं उत्तर, "छान. अजून दोनदा कर."

केलं, तिन्ही वेळा तसंच आलं. बीएसएचा प्रकार आणि टक्केवारी मी एकदमच बदलली, त्यामुळे नक्की कोणाचं किती पाप ते वेगळं काढायचं राहिलंय आणि मॅडम ते विसरलेल्या नाहीत. जुन्या बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात 'इन्सुलिनच्या प्रयोगाला हात लावू नये' लिहून परत फ्रीजमध्ये ठेवलीये, वेस्टर्न ब्लॉट या प्रोटीन ओळखायच्या चाचणीत ब्लॉकिंगला ती एकदम मस्त चालते.