नक्षीला किती दिवस लागले?

तुम्ही विचारलंत म्हणून वही काढली. रायफल हातात घ्यायची, उजेडाकडे तिरपी धरायची, वेलीवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचं, "नक्षीला किती दिवस लागले?" हे इतक्या वेळा झालंय की मी "लागले बरेच" म्हणून वेळ मारून न्यायला शिकले. तर या रायफलीचा वहीतला हिशेब असा: आराखड्याला ३१ तास, कोरायला १४८. रोजचे चार तास धरा, कारण त्यापुढे डोळे साथ देत नाहीत. म्हणजे झाले ४५ दिवस. रायफल मालकाच्या हातात पडली ती तीन वर्षांनी. उरलेल्या हजारभर दिवसांचा हिशेब द्यायचा तर त्यातला बराचसा माझा नाहीच.

मी बंदूक बनवत नाही. कोरते. बनवणारा वेगळा, रीतसर परवान्याचा कारागीर. लाकडाचं काम करणारा तिसराच. आम्ही तिघं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत गेली कित्येक वर्षं एकत्र काम करतोय.

ही रायफल एकबारी. मॅगझीन नाही, एका वेळी एकच काडतूस. खालचा लीव्हर ओढला की पोलादाचा एक ठोकळा उभ्या खोबणीतून खाली सरकतो, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, काडतूस बोटाने आत सारायचं, लीव्हर मिटायचा. ठोकळा वर येऊन तोंड बंद करतो. बस्स, एवढीच यंत्रणा. ख्रिश्चन शार्प्सने अमेरिकेत १८४८ मध्ये अशा सरकत्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं. स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सनचं पेटंट १८७२चं. त्याच्या रायफली ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्जने बनवल्या. जॉन ब्राउनिंगचं १८७९चं. ब्राउनिंगचे हक्क विंचेस्टर कंपनीने १८८३ मध्ये ८,००० डॉलरला घेतले आणि १८८५चं मॉडेल म्हणून तीच रायफल काढली. पुढे मॅगझीनवाल्या रायफली आल्या आणि हा प्रकार मागे पडला. तो संपलाच असं सगळे धरून चालले असताना १९६७ मध्ये अमेरिकेच्या रुगर कंपनीने 'नंबर वन' नावाची अशीच एकबारी बाजारात आणली, आणि ती खपली.

शिकारी या रायफलीचं कौतुक करतात ते लांबीसाठी. बोल्ट रायफलीत नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, म्हणजे बोल्टला, मागेपुढे सरकायला जागा लागते, इथे ती लागत नाही. त्यामुळे २२ इंची नळीची बोल्ट रायफल जेवढी लांब भरते, साधारण तेवढ्याच लांबीत इथे २६ इंची नळी बसते. माझं प्रेम जास्त स्वार्थी आहे. बोल्ट रायफलीचा वरचा भाग गोल, त्यातही मधोमध भगदाड; कोरायचं कुठे? इथे दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या सपाट, सलग भिंती मिळतात. माझ्यासारखीला आणखी काय हवं!

पण त्या भिंती कोऱ्या करकरीत माझ्यापर्यंत पोचायलाच दोन वर्षं जातात.

आमचा अडचणीचा मुद्दा एकच आहे, तो समजला की बाकी सगळं समजतं. अ‍ॅक्शनचं, म्हणजे तो ठोकळा आणि त्याच्याभोवतीच्या भिंतींचं, पोलाद शेवटी कठीण करावं लागतं, नाहीतर ते वापरात झिजेल. एकदा कठीण झालं की माझी कोरणी त्याच्यावर नुसती घसरते. म्हणून कोरायचं ते कठीण करण्याआधी. आणि कोरून झाल्यावर त्या पृष्ठभागाला कानस, पॉलिश पेपर, काहीही लागता कामा नये. म्हणजे कानशीचा शेवटचा हात फिरल्यापासून ते भट्टीत जाईपर्यंत एक फट असते, तेवढ्यात मी. त्या फटीच्या अलीकडे जे काही बसवायचं, जुळवायचं, तपासायचं असेल ते सगळं उरकलेलं हवं.

नळी बसवून झाली. काडतूस ७×५७ आर, म्हणजे बुडाला कड असलेलं. एकबारीला कडेचं काडतूस सोयीचं, रिकामी पुंगळी ओढून काढायला पकड मिळते. मग प्रूफ. कोऱ्या, रंग न दिलेल्या रायफलीतून नेहमीच्या कमाल दाबापेक्षा किमान २५ टक्के जास्त दाब देणारं काडतूस उडवायचं आणि कुठे काही फुगलं, चिरलं का ते बघायचं. ही परीक्षा नक्षीच्या आधी का, हे सांगायला नको. त्यानंतर नेमाची तपासणी. या रायफलीने तिथेच आम्हाला अडकवलं. पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ, मग नळी तापली की नेम वर सरकायचा. दोष नळीत नव्हता, पुढच्या लाकडात होता. एकबारीचं ते जुनं दुखणं आहे: पुढचा दस्ता नळीखाली टांगलेला असतो, आणि तो नळीला कसा टेकतो त्यावर नेम हलतो. लाकूडवाल्याने ते लाकूड चार वेळा काढलं-घातलं. त्यात पावसाळा गेला.

लाकूड अक्रोडाचं. बसवायची पद्धत बघण्यासारखी असते. धातूला काजळी फासायची, लाकडात हलकेच दाबायचं, उचलायचं. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच, कांद्याच्या पापुद्र्याएवढं, पटाशीने काढायचं. पुन्हा काजळी. असं शेकडो वेळा, सगळीकडे सारखं काळं उमटेपर्यंत. शेवटी लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवतात, पुढे कधी दस्ता घासून पुन्हा तेल द्यायची वेळ आली तर तो धातूच्या खाली जाऊ नये म्हणून. त्याचे हात घरी गेल्यावरही काळेच असतात, असं त्याची बायको म्हणते.

आणि स्क्रू. स्क्रूंबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

चांगल्या रायफलीचे सगळे स्क्रू पूर्ण आवळले की त्यांच्या खाचा नळीला समांतर थांबतात. एकही तिरपी नाही. बाजारातला स्क्रू घट्ट होतो तिथे त्याची खाच कुठेही तोंड करून थांबते. म्हणून आमचा कारागीर स्क्रू स्वतः बनवतो, डोकं मुद्दाम उंच ठेवून, त्यावर कामापुरती एक कच्ची खाच पाडून. स्क्रू आवळायचा, किती कमी-जास्त फिरला ते बघायचं, टेकण्याची जागा किंचित घासायची, पुन्हा आवळायचा. बरोबर बसला की उंच डोकं कानशीने भिंतीला सपाट आणायचं, आणि मग सरळ रेषेत खरी खाच. या रायफलीला बाहेरून दिसणारे नऊ स्क्रू आहेत. एकेकाला एक अख्खी दुपार.

हे सगळं माझ्यासाठी. कारण माझी वेल स्क्रूच्या डोक्यावरून तशीच पुढे जाते. डाव्या बाजूच्या मोठ्या स्क्रूवर एक फूल आहे, त्याच्या पाकळ्या डोक्याच्या कडेवर थांबत नाहीत, बाहेर अ‍ॅक्शनवर उतरतात. स्क्रू केसभर जरी पुढे-मागे थांबला तरी पाकळी तुटलेली दिसते. तुम्ही अंगठा फिरवलात तेव्हा तिथे तुम्हाला स्क्रू लागला नाही. बघा, खाच सोडली तर तो दिसतही नाही. त्याची दुपार तिथे गेली.

आता माझे ४५ दिवस. भिंतीवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि पेन्सिलीने वेलीची फक्त कणा-रेषा काढायची. गिरकी गोल निघत नसेल तर पानांनी ती झाकता येत नाही, हे मला शिकायला काही वर्षं लागली. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोरणी. कोरणी ढकलायची कमी, काम वळवायचं जास्त. रायफलीचा भाग एका जड गोल व्हाइसमध्ये असतो, उजवा हात जवळजवळ जागेवर, डावा हात व्हाइस फिरवत राहतो. रेषा वळते ती कामामुळे. पोलादाचा बारीक कुरळा केस कोरणीच्या पुढे उठतो. तो सलग निघाला की समजावं टोक धारदार आहे, तुकडे पडायला लागले की थांबून धार लावायची. पंधरा मिनिटं कोरा, दोन मिनिटं धार.

मी बारीक इंग्लिश वेल कोरते, लहान लहान गिरक्या, मध्ये फुलांचे गुच्छ. पानं मोठी आणि उठावदार हवी असतील तर ते करणारे माझ्याहून चांगले लोक आहेत. बारीक वेलीचा एक फायदा कुणी सांगत नाही: चकचकीत पोलाद उन्हात आरशासारखं लखलखतं, बारीक कोरलेलं पोलाद तसं चमकत नाही. शिवाय वापरात पडलेले ओरखडे त्यात मुरून जातात.

मालकाला दोन्ही बाजूंना हरणं हवी होती, जमल्यास सोन्याची. मला ते पटेना. शिकारीच्या रायफलीवर शिकारीचं चित्र म्हणजे डब्यावर आतल्या लाडवाचं चित्र. पुष्कळ वाद झाला. शेवटी बाजूंना फक्त वेल, आणि खाली चापाच्या पुढच्या पट्टीवर एक ससा, करंगळीच्या नखाएवढा. रायफल उलटी केल्याशिवाय दिसत नाही. तो बुलिनो पद्धतीचा आहे. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या परिसरात या कामाची परंपरा आहे: हातोडी नाही, हवेचं यंत्र नाही, टोकदार कोरणी नुसत्या हाताने दाबत हजारो ठिपके आणि केसासारख्या रेषा. ठिपके दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड. सशाच्या डोळ्यात चमक आहे ना, ती मी कोरलेली नाही. तेवढा एक बिंदू पोलाद तसंच सोडलंय. त्याच्या भोवतीचं काम करताना मी श्वास रोखून होते, आणि त्या एका सशाने १७ तास घेतले.

"एक रेघ चुकली की गेलं सगळं, नाही?" हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न. मग कुणीतरी त्याला जोडून म्हणतंच की रायफलही एकबारी आणि कामही एकबारी. ऐकायला छान वाटतं, पण तसं नाही. तिसऱ्या आठवड्यात कोरणीचं टोक मोडलं आणि ती चार मिलिमीटर पुढे घसरली, कोऱ्या जागेवरून. अशा वेळी आधी चहा करायचा. ओरखडा उथळ असेल तर दगडाने आजूबाजूचा भाग किंचित खाली आणता येतो. खोल असेल तर गुळगुळीत टोकाच्या पंचने दोन्ही कडांचं पोलाद ठोकत ठोकत फटीत आणायचं, मग घासून पुन्हा कोरायचं. मी यातलं काहीच केलं नाही. तिथे एक पान काढलं. डाव्या बाजूच्या वेलीला उजवीपेक्षा एक पान जास्त आहे. कुठलं ते शोधत बसू नका.

कोरून झालं की मात्र माझा जीव टांगणीला लागतो, कारण आता वस्तू दुसऱ्यांच्या हातात. बऱ्याच वर्षांपूर्वी माझं दोन महिन्यांचं काम ब्लूइंगला, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग द्यायला, गेलं आणि तिथल्या एकाने, चांगल्या मनाने, चकाकी यावी म्हणून ते बफिंगच्या चाकावर धरलं. परत आलं तेव्हा प्रत्येक रेषेची कड विरघळली होती. साबणाच्या वडीवरचं नाव चार आंघोळींनंतर दिसतं तसं. मला रडूही आलं नाही. तेव्हापासून माझ्या कामाबरोबर एक चिठ्ठी जाते, तांबड्या शाईत: घासू नये.

या रायफलीची अ‍ॅक्शन हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून, पेटी बंद करून, ७०० अंशांच्या वर तापवली आणि लालभडक असतानाच पाण्यात सोडली. ठोकळ्याची खोबण आकसू नये म्हणून तिच्यात तात्पुरता पोलादी तुकडा अडकवलेला होता. तरीही ठोकळा नंतर घट्ट चालायला लागला. आमच्या कारागिराने तो आतल्या बाजूने, तेल आणि बारीक भुकटी लावून, अकरा दिवस वरखाली सरकवत घोटला. बाहेरच्या भिंतीला त्या अकरा दिवसांत त्याने रिकामं बोटसुद्धा लावलं नाही, कापड गुंडाळूनच धरायचा. भट्टीतून निघालेले निळे-जांभळे-तपकिरी ढग फार देखणे होते. मालकाला ते ठेवायचे होते. पण त्या रंगात ससा बुडून गेला होता. मी रंग उतरवायला लावले आणि अ‍ॅक्शन राखाडी केली. रंग गेला तरी कठीणपणा तसाच राहतो. स्क्रू तेवढे तापवून निळे केले. पहिल्या हंगामानंतर मालकाने फोन केला तो सांगायला की अ‍ॅक्शनवर एक ओरखडा आलाय, कुंपण ओलांडताना. आवाज अपराधी होता. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, थांबा, मगाशी तर दिसत होता.

सध्या टेबलावर दुसरी आलीय. आली म्हणजे नुसती दाखवायला. नक्षीला तिला अजून वर्ष तरी आहे. नळी बसलीय, लाकूड ओबडधोबड, आणि स्क्रूंची डोकी उंच, कच्च्या खाचा दहा दिशांना. मी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलंय. तिच्या मालकाचा परवाच निरोप आला होता: नक्षी सुरू झाली का?