माझा वाटा कारकुनाचा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे, असा फोन आला आणि शाळेतलं बाकी सगळं मागे पडून आपले इतिहासाचे सरच तेवढे डोळ्यांसमोर आले. नाव लिहीत नाही. आमच्या बॅचला नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरतं.

नववीत एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर आम्हाला रांगेने विश्रामबाग वाड्यावर घेऊन गेले. शनिवारवाडा सगळेच दाखवतात. हा येता-जाता दिसणारा वाडा आम्ही कधी मान वर करून पाहिला नव्हता. दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे लाकडी खांब, वरचं कोरीवकाम पाहून झालं आणि सर सरळ तिथल्या पोस्टात शिरले. प्रत्येकाला पंधरा पैशांचं कार्ड! "या वाड्यात जे जे नांदले, त्यांतला एकेक जण व्हा आणि आपल्याच घरी पत्र टाका."

वाटणी सरांनीच केली. पुढच्या बाकावरच्याला मिळाला दुसरा बाजीराव, दोन लाख खर्चून वाडा उठवणारा. कुणी १८२१ साली इथे इंग्रजांनी काढलेल्या संस्कृत पाठशाळेचा विद्यार्थी झाला (तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं, हे सर दर वेळी सांगायचेच). कुणी १८७९ च्या आगीत वाड्याची पूर्वेची बाजू जळताना पाहणारा शेजारी. माझ्या वाट्याला नगरपालिकेचा कारकून! १९३० ते १९५९ पालिकेचा कारभार इथूनच चाले. मी तोंड पाडून उभा. सर म्हणाले, "अरे, बाजीरावापेक्षा जास्त वर्षं तू बसलायस इथे."

मग मी झोकात लिहिलं, 'आपली घरपट्टी थकली असून त्वरित भरावी.' कार्ड घरी पोचलं तेव्हा मी शाळेत होतो. आजोबा पावत्यांची पिशवी काखोटीला मारून पालिकेत निघाले होते. अक्षर आईने ओळखलं म्हणून बरं.

आज मी जुन्या लाकडी वाड्यांच्या डागडुजीची कामं घेतो, दोन मुलं हाताखाली आहेत. मालक म्हणतात, पेशव्यांच्या वेळी होतं तसंच करा. मधल्या भाडेकरूंनी काढलेला माळा, कुणाच्या दुकानाची फळी, यांना त्यांच्या लेखी किंमत नाही. मी वाद घालतो, कधी काम हातचं जातं.

सहली आता रिसॉर्टवर जातात असं ऐकतो. जाऊ देत. पण सुवर्णमहोत्सवाच्या मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडताना पहिली सरांची मांडा. ते नको म्हणतील. गाडी घेऊन मी जातो.