तिसऱ्यांना भोक पाडणारा कोण?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खाण्याचे शिंपले, काढणाऱ्या एका मावशींचा हिवाळ्यात फोन आला. "मॅडम, रिकामे शिंपले निघतायत आणि त्यांना गोल भोकं आहेत. खिळा ठोकावा तशी. लोक म्हणतात खडपावरच्या काळ्या गोगलगायी पोखरतात. पोरं त्या खरवडून काढायला लागलीत. तुम्ही एकदा येऊन बघा."

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले शंख-शिंपले हा माझा अभ्यासाचा विषय. अमावस्येच्या आसपास पाणी खूप मागे जातं, म्हणून तोच दिवस धरून गेले. काजळी नदीच्या मुखाशी पुळण उघडी पडली होती आणि कडेच्या खडपावर, म्हणजे खडकाळ पट्ट्यावर, मुलांनी भरलेली टोपली ठेवलेली होती. ती मी एका पोत्यावर उपडी केली.

गोल शंख म्हणजे सगळे एकच, असं वाटणं अगदी साहजिक आहे. त्या टोपलीत मात्र निदान दोन कुळांचे जीव एकत्र होते. रंगावरून ते वेगळे करता येत नाहीत. ओला शंख वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा, शेवाळ धरलेला आणखी वेगळा. आमच्या किनाऱ्यांवर एकाच जातीत काळे, करडे, पट्ट्यांचे असे सगळे नमुने मिळतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना पाठ बघूच नका म्हणते. शंख उलटा करायचा, तोंड बघायचं आणि त्यावरचं झाकण बघायचं.

टोपलीतले बहुतेक शंख नेरिटा होते. जाड कवच, अर्धगोल तोंड, तोंडाच्या सरळ काठावर दाते आणि त्यामागे सपाट ओटा. नेरिटा अल्बिसिला या जातीत तर त्या ओट्यावर बारीक पुटकुळ्या असतात, बोट फिरवलं तरी लागतात. झाकण चुन्याचं आणि त्याच्या आतल्या बाजूला खुंटी. हा जीव खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. शिंपल्याला भोक पाडायचं हत्यारच त्याच्याकडे नाही. दोन-चार टर्बो निघाले: तोंड पूर्ण गोल, आतून मोत्याची झळाळी, झाकण चुन्याचं, जाड, बाहेरून फुगीर. तेही शेवाळ खाणारेच.

मग मावशींनी आणलेले शिंपले भिंगाखाली धरले. भोकाचा बाहेरचा काठ रुंद आणि आत जाताना अरुंद, चारी बाजूंनी तासलेला उतार. कालवांवर बसणारे म्युरिसिडी कुळातले शंखही भोकं पाडतात, पण त्यांच्या भोकाच्या भिंती बऱ्याचशा सरळ असतात. एका शिंपल्यावर काम अर्धवट सुटलेलं होतं: वाटोळी खाच, आणि तिच्या तळाशी मधोमध छोटा उंचवटा. ती खाच बघितल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. ही नॅटिसिडी कुळाची सही आहे. हे शंख सोंडेच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून स्राव सोडून कवच मऊ करतात, मग दातेरी जिभेने खरवडतात. पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. एका शिंपल्याला कित्येक तास लागतात.

आता गुन्हेगार जिवंत दाखवायला हवा होता, नुसत्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा? ओल्या वाळूवर एक रुंद, किंचित उचललेली वाट दिसली. तिच्या टोकाशी हात घातला आणि मूठभर मांसल पाय बाहेर आला, शंखापेक्षाही मोठा, डोकं झाकून टाकणारा. पाणी सोडत सोडत तो सगळाच्या सगळा आत गेला आणि झाकण बंद झालं. झाकण तपकिरी, पातळ, चुन्याचं नव्हे. म्हणजे नॅटिसिडी कुळातला असला तरी खऱ्या नॅटिकांपैकी नाही, कारण त्यांचं झाकण चुन्याचं असतं. शंख उलटा केला: बेंबीच्या, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या, खळग्यावर तपकिरी गादी आणि तिला मधोमध चीर. त्याच कुळातली नेव्हरिटा डिडिमा ही जात.

मावशींनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाल्या, "हा तर आम्ही रोज बघतो, पण वाळूत असतो म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही."

जवळच वाळूची एक गोल, मध्ये उघडी कॉलर पडलेली होती. मुलं तिला तुटक्या प्लॅस्टिकचा तुकडा समजत होती. ती याच कुळातल्या मादीने चिकट स्राव आणि वाळू मिसळून केलेली अंड्यांची पट्टी. उन्हात वाळली की हातात चुरा होतो. त्याच वाळूत उम्बोनियम ही चपटी, गुळगुळीत, चकचकीत छोटी गोगलगायही भरपूर होती. तिच्या कवचांवरही तशीच तासलेली भोकं. एक गोल शंख दुसऱ्या गोल शंखाला खातो आणि तिसरा, खडपावरचा, उगाच मार खातो, हे मुलांना तिथेच पटलं. टोपलीतले जिवंत नेरिटा त्यांनीच उचलून खडपाच्या सावलीच्या बाजूला, ओलीत परत ठेवले.

"मग आता हे वाळूतले काढून टाकू?" एका मुलाने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. हा शिकारी तिसऱ्यांइतकाच इथला आहे. आणि मावशींचा ढीग पुन्हा चाळला तेव्हा भोक पडलेले शिंपले त्यात थोडेच निघाले. उरलेले अख्खे होते, दोन्ही शकलं बिजागरीला जोडलेली, आत काही नाही. त्यांचा जीव कुठल्याही शंखाने घेतलेला नव्हता. मला खरी काळजी त्याच ढिगाची वाटते. त्यासाठी मी खाडीच्या मुखापासून आतपर्यंत पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेतले. मावशी आता दर मोठ्या ओहोटीला भोकाचे आणि बिनभोकाचे शिंपले वेगळ्या पिशव्यांत ठेवतात आणि कुठे सापडले ते पिशवीवर लिहून देतात.