पागोळ्या आणि पाद्रीबुवा

आषाढात दोन-दोन दिवस लाइट नसते, तेव्हा कोकणात वाचायला सगळ्यात सोयीचा गुप्तहेर म्हणजे पाद्री. त्याच्याकडे पिस्तूल नाही, धावाधाव नाही. तो फक्त ऐकून घेतो. कोणाच्या घरात काय शिजतंय हे गावच्या गुरवाला न विचारता कळतं, तसंच याचं. म्हणून इथल्या वाचकाला हा माणूस समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात इंग्रज लेखक चेस्टरटनच्या फादर ब्राउनपासून करावी. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, हातातली छत्री सारखी पाडणारा. पहिली कथा १९१० ची, पहिला संग्रह १९११ चा. त्या कथेत एक चोर पाद्र्याचा वेष घेऊन त्याच्याबरोबर हिंडतो. फादर खाणावळीत साखरेच्या भांड्यात मीठ भरून ठेवतो. हिशेब साधा: कॉफी खारट लागली की माणूस ओरडतो, आणि जो ओरडत नाही त्याला गप्प राहायचं काहीतरी कारण असतं. मग तो बिलात तिप्पट रक्कम घालून बघतो; सोबती तीही मुकाट्याने भरतो. आपल्याकडे चहात मीठ पडलं तर अख्खी खाणावळ उठेल, त्यामुळे ही परीक्षा कोकणात जास्तच खात्रीची ठरेल. या कथा रात्री एक, फार तर दोन वाचाव्यात. सलग पाच वाचल्या की लेखकाची शिवण दिसायला लागते.

पाद्र्याच्या रहस्यकथेत लेखक हमखास घसरतो तो पापनिवेदनापाशी. म्हणजे जाळीआड बसलेल्या पाद्र्यापाशी आपली पापं कबूल करणं; गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. तिथे ऐकलेलं पाद्र्याने फोडायचं नाही. फोडलं तर कॅथलिक कायद्याने तो आपोआप बहिष्कृत होतो. म्हणून वाचताना एकच लक्ष ठेवावं: फादरला कळलं ते जाळीच्या आत की बाहेर? आतलं बाहेर वापरलं असेल तर पुस्तक खुशाल मिटावं. खरी मजा असते ती खुनी कोण हे ठाऊक असूनही त्याला वेगळ्या वाटेने शोधावं लागतं तेव्हा.

सगळ्यात जास्त दिवस पुरतो तो ब्रदर कॅडफेल. एलिस पीटर्स या टोपणनावाने एडिथ पार्जेटरबाईंनी १९७७ ते १९९४ मध्ये त्याच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या. काळ बाराव्या शतकातला, जागा इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा मठ. कॅडफेल धर्मयुद्धं बघून आलेला, आता औषधी झाडांची बाग सांभाळणारा. क्रम मोडू नये. पहिल्या पुस्तकातल्या अस्थींचं गुपित पुढे पुन्हा पुन्हा डोकावतं, आणि त्याचा मित्र ह्यू बेरिंगर भेटतो तो दुसऱ्यात. त्या दुसऱ्यातलं कोडं तर केवळ मोजणीचं आहे: वेढ्यानंतर फाशी दिलेले ९४, प्रेतं ९५.

वेळा मठाच्या प्रार्थनांवर चालतात, तेव्हा पहिल्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवावं: प्राइम म्हणजे पहाट, व्हेस्पर्स म्हणजे दिवेलागण, कॉम्प्लिन म्हणजे निजानीज. कोण कुठे होता याचा सगळा हिशेब यावरच असतो. तिसऱ्या पुस्तकात कॅडफेलनेच बनवलेलं, सांधेदुखीवर चोळायचं तेल कोणाच्या तरी ताटात जातं. ते बचनागाच्या जातीच्या मुळाचं. कातडीवर औषध, पोटात गेलं की विष. श्रावणात आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीचा कंदही असाच विषारी, पण तिची फुलं बघून कोणाच्या मनात पाप येत नाही.

जुन्या पेपरबॅकला मात्र पावसाळा मानवत नाही. सर्दाव्याने बांधणीचा डिंक सुटतो, आणि गळून पडतं ते नेमकं शेवटचं प्रकरण. फडताळात कापूर ठेवून बुरशी थांबते असं नाही. पुस्तकं चुलीजवळच्या भिंतीला कोरडी राहतात.

हॅरी केमेलमनचा रब्बी डेव्हिड स्मॉल हा ज्यू धर्मगुरू. १९६४ च्या पहिल्या पुस्तकाच्या नावात शुक्रवार, मग शनिवार, असे एकेक वार येतात. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचा कीस पाडायची सवय तो तपासाला लावतो. पण खुनापेक्षा त्याला छळतं ते प्रार्थनामंदिराचं मंडळ: करार वाढवायचा की नाही, भाषण लांबलं का, कोणाला मान दिला नाही. देवस्थानाच्या विश्वस्तांची सभा ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला ही पानं अनुवादाशिवाय कळतात. खुनी सापडतो. रब्बीची नोकरी मात्र पुढच्या वारी पुन्हा टांगणीला.