साठ दिवस मोजायला मी चुकलो होतो

मी मूळचा महसूल बाजूचा वकील, सातबारा, फेरफार, वहिवाटीचा रस्ता हेच माझं. पण मेव्हण्याचा चुलतभाऊ खताच्या दुकानात कारकून होता, त्याच्यावर पैशाच्या अपहाराचा गुन्हा पडला आणि घरच्यांनी वकीलपत्र माझ्याकडेच आणलं. घरातला माणूस, नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला हवं होतं.

3 मार्चला पहिला रिमांड, आधी पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी). रेग्युलर जामीन नामंजूर झाला. कलमाला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा, म्हणजे पोलिसांना चार्जशीटला साठ दिवस, नाही दिलं तर जामीन हक्काने मिळतो (जुन्या सीआरपीसीचं कलम 167(2), आता बीएनएसएस या नव्या कायद्याचं 187(3)). एवढं मला माहीत होतं. मी 4 मार्चपासून मोजलं, साठावा दिवस 2 मे आला आणि डायरीत 3 मेला गोल केला.

30 एप्रिलला बाररूममध्ये चहा पिताना सहज बोललो. आमच्याकडे एक काका आहेत, तीस वर्षं फक्त फौजदारी. त्यांनी कप खाली ठेवला. "अरे, रिमांडचा दिवस धरायचा असतो, सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये क्लिअर केलंय. साठ दिवस उद्या भरतात, 1 मेला. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीने पोलिसांना एक्स्ट्रा दिवस मिळत नाही. तू 2 तारखेला सकाळी कोर्टात पाहिजेस."

मग त्यांनी अर्ज लिहून घेतला. आरोपी जामीन द्यायला तयार आहे हे वाक्य टाक, जामीनदार सातबारा घेऊन सकाळीच हजर ठेव, आणि अर्जावर तारखेबरोबर वेळ लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. वेळ कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

2 तारखेला क्लार्क म्हणाला साहेब बसल्यावर द्या. मी तिथेच उभा राहिलो, शेवटी वैतागून त्याने 10:50 लिहिलं. दुपारी साडेचारला हवालदार चार्जशीटचा गठ्ठा घेऊन आला. एपीपी, म्हणजे सरकारी वकील, म्हणाले, आता चार्जशीट आलंय, हक्क संपला. काकांनी (न बोलावता येऊन मागे उभे होते, फी घेतली नाही) मला कोपराने ढोसलं, मी ती वेळ दाखवली. चार्जशीटच्या आधी अर्ज पडला की हक्क बजावला गेला, मग नंतर आलेल्या गठ्ठ्याने तो जात नाही. जामीन झाला.

मी 3 तारखेला गेलो असतो तर पोरगा आतच राहिला असता आणि घरच्यांना कधी कळलंही नसतं की का. त्याची आई सगळ्यांना सांगते, वकीलसाहेबांनी अगदी वेळेवर केलं. मी अजून तिला काही बोललेलो नाही.